दोनशे मेगापिक्सेलची पळी

कॅमेऱ्याचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, पण माणदेशातल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याची पळी करून टाकली. दिसायला तो होताही तसाच. लांब दांडा, टोकाला वाकडी वाटी, आणि त्या वाटीत तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा. आरोग्यसेविका ती पळी बाईच्या तोंडात घालायची, गालाच्या आतून, जिभेखालून, दाढांच्या मागून फिरवायची, की तिच्या हातातल्या काचेच्या पाटीवर आख्खं तोंड उघडं पडायचं. तेच चित्र त्याच क्षणी तालुक्याला डॉक्टरांपुढे उमटायचं. चित्राच्या कोपऱ्यात हिरवी खूण आली की तोंड निर्मळ, लाल आली की दवाखाना. तोंडाचा कर्करोग वेळेत पकडायचा तर याहून सोपं साधन नाही, असं सगळ्यांना वाटत होतं. डॉ. स्नेहल बोराटेला तर ते सगळ्यांहून जास्त वाटत होतं, कारण पळी तिनंच पसंत केली होती.

पळीची गरज का पडली तेही सांगायला हवं. या भागातल्या बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि ती पूड बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत उंबऱ्यात बसायचं. दोन हजार अडतीस साल उजाडलं, शेतावर औषध मारायला उडती यंत्रं आली, पण चुलीमागची मिश्रीची डबी काही हलली नाही. स्नेहलची शालनआत्या त्यातलीच. आई गेल्यावर स्नेहलला तिनंच वाढवलं होतं. लहानपणी आत्याच्या कुशीत झोपताना तिच्या तोंडाला जो करपट वास यायचा, तोच स्नेहलच्या लेखी मायेचा वास. पुढे दंतवैद्यक शिकताना त्या वासाचा अर्थ तिला कळला आणि तिचा जीव धास्तावला. तालुक्यातल्या दानशूर मंडळींच्या आरोग्य न्यासानं बायकांची तोंडं तपासायची योजना काढली, तेव्हा शहरातली बरी चाललेली प्रॅक्टिस सोडून ती तिथे गेली, ती बरीचशी आत्यासाठीच.

न्यासाकडे आधी एक कॅमेरा होता. बारा मेगापिक्सेलचा, बत्त्यासारखा जाड. तोंडात घातला की बायकांना उमासे यायचे, आणि चित्र यायचं तेही भरड. नवा घ्यायचं ठरलं तेव्हा स्नेहलनं इरफान अत्तारला विचारलं. इरफान तिचा शाळेपासूनचा मित्र, कराडच्या एका कॉलेजात प्रकाशाचं तंत्र शिकवणारा. तो म्हणाला की मेगापिक्सेल किती हे विचारूच नकोस, एकेक पिक्सेल केवढा आहे ते विचार.

पिक्सेल म्हणजे प्रकाश झेलणारं घर, असं त्यानं तिला समजावलं. जेवढा प्रकाश पडेल तेवढा ते घर मोजतं आणि सांगतं. आता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत बारा दशलक्ष घरं बसवा नाहीतर दोनशे दशलक्ष, भिंगातून येणारा प्रकाश तेवढाच. "पंगतीला माणसं वाढवली म्हणून भाकरी वाढत नाही," इरफान म्हणाला. भर उन्हात भाकऱ्या रग्गड असतात, सगळ्यांची पोटं भरतात. अंधाऱ्या तोंडात मात्र एकेका घराच्या वाट्याला तुकडाही येत नाही. मग ते घर जे सांगतं ती नुसती भुकेल्याची बडबड. शिवाय भिंगातून आलेला प्रकाशाचा ठिपका कधीच सुईच्या टोकाएवढा नसतो, तो थोडा पसरतोच. घरं त्या ठिपक्याहून बारीक झाली की शेजारची दहावीस घरं एकच पुसट गोष्ट सांगत बसतात.

स्नेहलनं विचारलं, असं असेल तर नव्या कॅमेऱ्यांची चित्रं इतकी स्वच्छ कशी येतात? इरफान म्हणाला, भरणा. आतला संगणक लाखो चित्रं पाहून शिकलेला असतो. जिथे दिसत नाही तिथे काय असायला हवं, ते तो भरतो. फुलाची पाकळी भरली तर कुणाचं काही बिघडत नाही, पण तोंडाचं मला सांगता येत नाही. जुना बत्ताच बरा आहे, त्याचं भिंग तेवढं बदल.

हे सगळं स्नेहलला समजलं होतं. बैठकीतही ती ते सांगणारच होती. पण न्यासाचे अध्यक्ष आण्णासाहेब घोरवडे यांनी एकच प्रश्न केला, की शेजारच्या तालुक्यानं किती मेगापिक्सेलचा घेतला. पन्नासचा, असं कुणीतरी सांगितलं. मग आपण दोनशेचा घेऊ, आण्णासाहेब म्हणाले, आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. विक्रेत्यानं तिथेच, खोलीतल्या दंततपासणीच्या मोठ्या दिव्याखाली, स्वतःच्या तोंडात पळी फिरवून दाखवली. भिंतीवरच्या पडद्यावर त्याच्या हिरडीची शीर न् शीर दिसत होती. स्नेहलनं ते चित्र पाहिलं आणि खरं सांगायचं तर ती भुलली. एकेक पिक्सेल केवढा, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. इतक्या देखण्या चित्रापुढे तो विचारणं तिला किरकिर केल्यासारखं वाटलं, आणि तो न विचारताच तिनं पसंतीच्या कागदावर सही केली.

पळी गावोगाव फिरू लागली. पहिल्या दौऱ्यांना स्नेहल स्वतः गेली. समाजमंदिरात सतरंजीवर बायका ओळीनं बसायच्या, पदराआड हसायच्या, एकमेकींना कोपरानं ढकलायच्या. लता खरात नावाची सेविका पळी फिरवायची आणि पाटी वळवून जिचं तोंड तिला दाखवायची. पिंगळवाडीच्या सोजरबाईनं आपलं तोंड पाहिलं आणि ती चकितच झाली. गुलाबी हिरड्या, पांढरेशुभ्र दात.

"अगं बया, माजी मिश्री कुठं गेली?" ती म्हणाली.

सगळं समाजमंदिर हसलं. दुसरी म्हणाली, पळी तोंडबी धुती वाटतं. मग तो गावोगावचा विनोदच होऊन बसला. ज्या बाया आधी तोंड उघडायला लाजायच्या, त्या आता फोटोसाठी नंबर लावू लागल्या, काहींनी तर तो फोटो सुनांना पाठवला. स्नेहलही त्या हसण्यात सामील झाली. बायकांची भीड चेपली याचाच तिला आनंद होता. तिनं तो किस्सा न्यासाच्या बैठकीत सांगितला तेव्हा तिथेही हशा पिकला. सोजरबाईनं त्या दिवशी सगळ्या योजनेचं पोट फाडून दाखवलं होतं आणि ते एकाच्याही लक्षात आलं नाही.

त्याच हिवाळ्यात आत्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या, शेळी व्यायल्याची बातमी झाली, आणि मग आत्या म्हणाली की तोंडाची आग होते, तिखट लावता येत नाही, रस्सा तर नकोच वाटतो. स्नेहलनं पळीचं विचारलं. लतानं घातली होती, हिरवी खूण आली, असं आत्या म्हणाली. तरी स्नेहलनं साठवणीतून आत्याचं चित्र काढून भिंतीएवढं मोठं केलं. डाव्या गालाची आतली बाजू, उजवी बाजू, जिभेखालची जागा. सगळीकडे ओलसर, गुलाबी, तुकतुकीत त्वचा. तिला इतकं हायसं वाटलं की ती थट्टेवर आली.

"आत्या, तुझं तोंड माझ्यापेक्षा चांगलं आहे. मिश्री सोडलीस वाटतं?"

"सोडतीया कुठली. पळीच धुती न्हवं." आत्या हसली. मग तिनं विचारलं, "तू सोता बघितलंस?"

"मी स्वतः बघितलं."

"मग झालं."

स्नेहलनं गोळ्या लिहून दिल्या. पोटातली उष्णता असेल, जीवनसत्त्व कमी पडत असेल, असं तिनं सांगितलं. आत्यानं गोळ्या घेतल्या आणि पुन्हा तक्रार केली नाही.

उन्हाळ्यात आत्याच्या नातवाचं जावळ होतं. आत्याचा मुलगा बापू यानं बोकड कापला होता, अंगणात मांडव घातला होता, सगळं गणगोत जमलं होतं. स्नेहल पंगतीत बसली आणि आत्या कुठे दिसेना म्हणून उठून आत गेली. आत्या चुलीशेजारी पाट टाकून एकटीच बसली होती. वाटीत दूध, त्यात भाकरीचा काला. ती घास तोंडात ठेवायची आणि न चावता मान मागे करून गिळायची. अंगावरचं चोळीचं कापड सैल झालं होतं. गेले दोन महिने असंच चाललंय, पण तू बघितलंयस म्हटल्यावर काळजी कसली, असं ती सहज बोलून गेली.

स्नेहलनं तिला तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटं जेमतेम जातील एवढंच ते उघडलं. तिनं मोबाइलचा दिवा लावला, गाल बोटानं बाजूला केला आणि आत पाहिलं. डावीकडे खाली, गाल आणि हिरडी यांच्या खाचेत, जिथे आत्या आयुष्यभर मिश्री धरून बसत आली, तिथे कडा उचललेली जखम होती. जबड्याखाली सुपारीसारखी घट्ट गाठ हाताला लागली. पण तिची नजर जखमेवर ठरलीच नाही. ती पाहत होती जखमेभोवतीच्या काळ्या रंगाकडे. दात काळे, हिरड्या काळ्या, खाच काळी. चाळीस वर्षांची मिश्री जिथल्या तिथे होती, आणि चित्रात तिचा मागमूस नव्हता. माझी मिश्री कुठं गेली, असं सोजरबाईनं सगळ्यांदेखत विचारलं होतं.

बाहेर मांडवात कुणीतरी स्नेहलचं ताट झाकून ठेवा म्हणत होतं. ती आत्याजवळ जमिनीवर बसली आणि तिला रडू आवरेना. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, काय झालं ते न विचारता.

दवाखान्यात कर्करोगच निघाला. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत मधले दिवस होते. त्यातल्या एका दिवशी स्नेहल एक पळी घेऊन कराडला गेली. इरफाननं ती उघडली, संगणकाकडे जाणाऱ्या तारेला मधेच दुसरी तार जोडली आणि कॅमेऱ्याला प्रत्यक्ष काय दिसतं ते वेगळ्या पडद्यावर घेतलं. हे कच्चं चित्र पळी कधी साठवतच नव्हती. भरणा झाला की कच्चं पुसून टाकायचं, जागा कमी लागते, अशी तिची रचना होती. म्हणजे तपासलेल्या एकाही बाईचं खरं चित्र जगात कुठेच नव्हतं.

आता तपासायला तोंड हवं होतं. स्नेहलनं पर्समधून आत्याची डबी काढली आणि बोटावर मिश्री घेऊन स्वतःच्या डाव्या खाचेत चोळली. जन्मात पहिल्यांदाच. डोकं गरगरलं, तोंडाला पाणी सुटलं, आणि नाकात तोच करपट वास भरला. इरफाननं पळी तिच्या तोंडात धरली. पळीला दिवा होता, पण इवलासा. मोठा दिवा गालाला चटका देतो म्हणून कंपनीनं तो बारीक ठेवला होता.

दोन पडदे शेजारी शेजारी होते. एकावर स्नेहलचं तोंड, गुलाबी, निर्मळ, हिरव्या खुणेचं. दुसऱ्यावर राखाडी भुरभूर. तिच्यात ना गाल होता, ना हिरडी, ना मिश्री. इरफाननं सांगितलं की हा संगणक एका टूथपेस्ट कंपनीच्या चित्रांवर शिकलेला आहे, शहरातल्या निरोगी तोंडांवर. काळं म्हणजे अंधार, पांढरा चट्टा म्हणजे बडबड, असं समजून तो दोन्ही पुसतो. तुमची चाचणी मोठ्या दिव्याखाली झाली, तिथे भरण्याची गरजच पडली नसणार.

"म्हणजे यानं आत्याचं तोंड पाहिलंच नाही," स्नेहल म्हणाली.

"नाही. तोंड कसं असावं, तेवढं सांगितलं." मग तो अवघडून म्हणाला, "मी तेव्हा आणखी जोर लावून सांगायला हवं होतं."

त्याच्यावर खापर फोडायची सोय नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती खाली वाकून बेसिनमध्ये चुळा भरत राहिली, पण चव जाईना.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आत्या खाटेवर मांडी घालून बसली होती. स्नेहलनं तिला सगळं सांगून टाकलं. पळीचं, भरण्याचं, बैठकीत आपण गप्प बसलो त्याचंही. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू बघितलंस म्हनून मी दुसऱ्या कुनाला दावलं न्हाय," ती म्हणाली.

ठपका ठेवायचा म्हणून ती हे बोलली नव्हती, जसं घडलं तसं सांगत होती. पण आत्याच्या तोंडून स्पष्ट ऐकू आलेलं ते शेवटचं वाक्य ठरलं. दुसऱ्या दिवशी खालच्या जबड्याची डावी बाजू काढली, मानेतल्या गाठी काढल्या, जिभेचाही काही भाग गेला. पुढे रेडिएशनचे शेक झाले. गाल आत ओढला गेला, बोलणं नुसतं गुरगुरणं झालं, आणि अन्न नाकातल्या नळीनं जाऊ लागलं. तेव्हापासून आत्या डोक्यावरचा पदर डाव्या गालावर ओढून धरायची आणि घरातही तो सोडायची नाही.

स्नेहलनं न्यासाला कळवलं की एकूण एक तोंड पुन्हा तपासावं लागेल, डोळ्यांनी आणि बॅटरीनं. न्यासाकडून निरोप आला की कंपनी लवकरच सुधारणा पाठवणार आहे, तोवर लोकांत घबराट पसरवू नये. आणि प्रत्येक हिरव्या खुणेखाली डॉक्टर म्हणून आपलंच नाव आहे, हेही ध्यानात घ्यावं. तिनं ते ध्यानात घेतलं आणि खांद्याला झोळी लावून लतासोबत गावं फिरू लागली. बॅटरी लता कुणाला धरू द्यायची नाही. पळी तिच्या हातांनीच फिरली होती.

बायका तोंड उघडीनात. त्या फोनमधला फोटो काढून दाखवायच्या. सोजरबाईनं तर दारातच अडवलं. दोनशेवाल्या पळीनं बघितलंय, आता तुमी बॅटरी लावून काय नवीन बघनार, असं तिनं विचारलं. स्नेहल समजावत राहिली. पण जिवावरची धास्ती एकदा उतरली की ती पुन्हा अंगाला लावून घ्यायला कोण तयार होतं? ज्या थोड्या बायकांनी मन वळवून तोंड उघडलं, त्यांतल्या काहींत कर्करोगाआधी येतात तसले पांढरे चट्टे निघाले, एकीत आत्यासारखी जखम. ती तरुण होती, तिचं लेकरू अंगावर पीत होतं.

शेवटी न्यासानं चौकशी बैठक बोलावली. आजारी बाईला आणायचे हाल कशाला, आताचा फोटो पाठवा म्हणजे पुरे, असं आण्णासाहेबांनी कळवलं. बापूनं आपल्या मोबाइलवर आईचा फोटो काढला आणि स्नेहलपुढे धरला. संध्याकाळची वेळ, घरात उजेड कमी. मोबाइलला आत्याचा चेहरा जुन्या फोटोंमधून पाठ होता. त्यानं डावा गाल भरून दिला होता. हनुवटी सरळ होती, ओठ मिटलेले होते. आत्यानं तो फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि फोन पालथा करून ठेवला. मग तिनं स्नेहलचा हात धरून दाराकडे बोट केलं. ती स्वतः येणार होती.

बैठकीची खोली तीच, दिवा तोच, भिंतीवरचा पडदाही तोच. पडद्यावर आत्याचं हिवाळ्यातलं चित्र लावलेलं होतं, गुलाबी आणि तुकतुकीत. स्नेहलनं इरफानचे दोन्ही पडदे दाखवले, भाकरीचं उदाहरणही सांगितलं. निवड माझी होती, शंका असूनही मी बोलले नाही, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण आजपासून पळी बंद करा आणि माणसं पाठवा, असं ती म्हणाली. सभासद पडद्याकडे पाहत होते. इतकं स्पष्ट दिसतंय की, असं एक जण शेजाऱ्याच्या कानाशी कुजबुजला.

तेव्हा आत्या खुर्चीतून उठली. बापू आधार द्यायला पुढे झाला तर तिनं त्याला हातानं थांबवलं. ती टेबलापाशी गेली, मोठ्या दिव्याखाली उभी राहिली आणि तिनं पदर सोडला. मग जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडलं.

आण्णासाहेबांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते दुष्ट नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं स्नेहलला दिसलं, आणि क्षणभर तिला वाटलं की झालं, पोचलं. आण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि ते अतिशय मृदू आवाजात बोलले.

"फार वाईट झालं, डॉक्टर. पुन्हा असं होता कामा नये. आता तुम्हीच सांगा, किती मेगापिक्सेलचा घ्यायचा?"

सगळे स्नेहलकडे वळून उत्तराची वाट पाहू लागले. दिव्याखाली उभ्या असलेल्या आत्यानं तोंड मिटलं आणि पदर पुन्हा गालावर ओढून घेतला.